जागच्या जागी लागणारी गाडी

सहलीच्या बसमध्ये पुढची दोन बाके कुणासाठी राखून ठेवायची, हे बहुतेक वर्गशिक्षकांना पाठ असते. प्लॅस्टिकच्या पिशव्या, लिंबू, आवळासुपारी, पाण्याची बाटली आणि जुनी वर्तमानपत्रे असा सरंजाम बरोबर असतो. घाटातली तिसरी-चौथी वळणे आली, की त्यातले काही ना काही बाहेर काढावे लागते. याचे आपल्याला नवल वाटत नाही. गाडी हलते, पोट ढवळते. एवढे कारण आपल्याला पुरते.

आता सहली मनोरंजन उद्यानांकडेही वळू लागल्या आहेत आणि तेथे एक वेगळाच प्रकार पाहायला मिळतो. एका बंदिस्त, खोलीवजा डब्यात मुलांना बसवतात, पट्टे बांधतात, दिवे मालवतात आणि समोरच्या पडद्यावर चित्रपट सुरू होतो. डबा जमिनीला पक्का जोडलेला असतो. तो कोठेही जात नाही. चार-पाच मिनिटे तो जागच्या जागी डुलतो, हिसके देतो आणि थांबतो. दार उघडते तेव्हा बरीच मुले ‘पुन्हा एकदा!’ म्हणून ओरडत असतात आणि एखादा मुलगा पांढराफटक चेहरा करून भिंतीला टेकलेला असतो. हाच मुलगा येताना घाटात मजेत गाणी म्हणत होता. मित्र हसतात. ‘खोलीतल्या खोलीत गाडी लागली’ ही थट्टा मग वर्षभर पुरते. कधी कधी शिक्षकही त्याला ‘जरा धीट हो’ असे सांगून मोकळे होतात.

ही थट्टा थांबवायची, तर त्या डब्यात नेमके काय घडते ते मुलांबरोबर समजून घेतले पाहिजे, असे आम्हाला वाटते. धीटपणाचा यात संबंध फार थोडा आहे. लढाऊ विमाने चालवणाऱ्या वैमानिकांनाही सिम्युलेटरमध्ये मळमळते. ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत असे. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजावर होता आणि समुद्र जरा खवळला की आडवा होत असे. ज्यांना गाडी मुळीच लागत नाही अशी माणसे पाहायची, तर ती आहेत अंतर्कर्णातला तोल सांभाळणारा अवयव दोन्ही बाजूंनी निकामी झालेली माणसे. अमेरिकी संशोधकांनी १९६०च्या दशकात अशा काही जणांना उत्तर अटलांटिकमधल्या वादळात जहाजावर नेले. बरोबरची धडधाकट माणसे उलट्या करत होती. ही मंडळी मात्र शांत होती. म्हणजे गाडी लागायला आधी कान शाबूत असावा लागतो!

कानातला तराजू आणि कानातली फुगडी

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात, ऐकण्याशी संबंध नसलेला एक भाग आहे. त्याची कामे दोन. पहिले काम वळणे ओळखण्याचे. त्यासाठी एकमेकींशी साधारण काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिका लगेच वळते, पण आतला द्रव जडत्वामुळे मागे राहतो. त्या फरकाने नलिकेतला एक मऊ पडदा वाकतो आणि मेंदूला वर्दी जाते, ‘डोके उजवीकडे फिरले.’

फिरणे एकाच वेगाने चालू राहिले, तर द्रवही हळूहळू नलिकेचा वेग पकडतो. मग पडदा सरळ होतो आणि कान ‘आता फिरणे थांबले’ असे सांगू लागतो, आपण फिरतच असलो तरी! आपण खरोखर थांबलो की उलटे घडते. नलिका थांबते, द्रव पुढे जात राहतो आणि कान उलट्या दिशेने फिरण्याची बातमी देतो. फुगडी सोडल्यावर अंगण का फिरते, याचे उत्तर यात आहे. वर्गात हे दाखवायला पाणी भरलेला काचेचा पेला आणि चिमूटभर चहाची भुकटी पुरते. पेला तळहातावर ठेवून स्वतःभोवती फिरायला लागा. सुरुवातीला भुकटी मागे राहते, मग पेल्याबरोबर फिरते आणि तुम्ही थांबलात तरी ती फिरतच राहते.

दुसरे काम सरळ रेषेतली हालचाल आणि डोक्याचा कल ओळखण्याचे. त्यासाठी दोन पिशव्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला मऊ थर असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण, म्हणजे खडूच्याच जातीचे, पसरलेले असतात. गाडी एकदम पुढे निघाली की हे जड कण मागे सरकतात. गाडी स्थिरच असली आणि डोके मागे झुकले, तरीही ते मागेच सरकतात, कारण आता गुरुत्वाकर्षण त्यांना ओढते. दोन्ही वेळा मेंदूकडे जाणारा संदेश जवळजवळ एकच असतो. या कणांना त्वरण आणि कल यांतला फरक कळत नाही. सिम्युलेटर बनवणाऱ्यांचा सगळा धंदा कानाच्या या एका उणिवेवर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल.

डोळे आणि कान यांचा संसार किती एकजीव असतो, हेही मुलांना अनुभवू द्यावे. वहीचे पान डोळ्यांसमोर स्थिर धरून मान झपझप डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवा आणि पान त्याच वेगाने हलवा. अक्षरे पुसट होतात. पहिल्या वेळी कान डोक्याच्या हालचालीची बातमी डोळ्यांच्या स्नायूंना देतो आणि बुबुळे तितकीच उलट फिरतात. हे इतक्या झटपट होते, की आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. दुसऱ्या वेळी कानाकडे बातमीच नसते.

डोळेही एकट्याने फसवू शकतात. दादरला आपली लोकल उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर आपलीच गाडी निघाली असे वाटते. नजरेच्या कडेपर्यंत सगळे दृश्य एका दिशेने सरकू लागले, की मेंदू ‘जग हलते’ असे न मानता ‘मी हलतो’ असे मानतो. एरवी हे शहाणपणाचेच आहे. सगळे जग एकदम सरकण्याचे प्रसंग आयुष्यात कितीसे येतात? पदार्थवैज्ञानिक एर्न्स्ट माख याने १८७५ सालीच या भासाचे वर्णन केले होते. आणि त्यावर पैसे मिळवणारेही लगेच निघाले. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रदर्शनात ‘झपाटलेला झोपाळा’ होता. एका खोलीत मोठा झोपाळा टांगलेला असे. लोक त्यावर बसले की तो थोडासा हले. मग झोके वाढत वाढत पूर्ण गिरकी घेत. प्रत्यक्षात झोपाळा जवळपास स्थिर असे आणि त्याच्याभोवती टेबल-खुर्च्यांसकट अख्खी खोली फिरवली जाई. आर. डब्ल्यू. वुड यांनी १८९५ साली या गमतीचे वर्णन प्रसिद्ध केले. युक्ती ठाऊक असूनही लोक झोपाळ्याचा दांडा घट्ट धरून बसत आणि बाहेर पडताना कित्येकांना मळमळत असे. आजच्या सिम्युलेटरची आजी म्हणायची ती हीच.

हालचालीचे सोंग

आजचा डबा सहा पायांवर उभा असतो. प्रत्येक पाय लांबवता-आखडता येतो. सहा पायांच्या लांब्या वेगवेगळ्या बदलल्या, की डबा पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकतो आणि तिन्ही अक्षांभोवती कलतोही. टायरची चाचणी घेण्यासाठी १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये एरिक गॉफ यांनी असे यंत्र केले. विमान-सिम्युलेटरसाठी अशी रचना वापरता येईल, हे स्टुअर्ट यांनी १९६५ साली मांडले.

परंतु पाय कितीही लांबवले, तरी डबा फार तर एखाद-दीड मीटर सरकणार. पडद्यावरचे यान मात्र मैलोगणती धावते. मग ‘वेग वाढतोय’ हे कसे भासवायचे? डबा हळूच मागे कलवायचा. पडदा डब्यालाच जोडलेला असल्याने तोही तितकाच कलतो, त्यामुळे डोळ्यांना कल दिसत नाही. पाठ मात्र खुर्चीत दाबली जाते आणि कानातले कण मागे सरकतात. डोळ्यांसमोर तारे मागे पळत असतात. मेंदू निष्कर्ष काढतो, वेग वाढला.

दहावी-अकरावीच्या मुलांना हे गणित करायला द्यावे. डबा थ अंशांनी मागे कलला, तर पाठीच्या दिशेने जाणवणारे त्वरण गुरुत्वत्वरण गुणिले थ ची ज्या इतके येते. ६ अंशांची ज्या सुमारे ०.१०५. तिला ९.८ ने गुणले की सुमारे १ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे थांब्यावरून सुटणाऱ्या बसचा साधारण अनुभव. १५ अंशांना २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येते. ३० अंशांना ४.९, पण इतक्या कलाला माणसाला आपण आडवे होत असल्याचे कळू लागते. शिवाय कलवण्याची क्रिया संथ हवी. ती सेकंदाला सुमारे ३ अंशांपेक्षा जलद झाली, तर अर्धवर्तुळाकार नलिका जाग्या होतात आणि सोंग उघडे पडते. वैमानिकांच्या सिम्युलेटरमध्ये ही मर्यादा सांभाळण्याचा प्रयत्न असतो. चार मिनिटांत पाच थरार दाखवायचे असलेल्या उद्यानाला इतका धीर कुठून असणार?

आणि काही गोष्टींचे सोंग मुळीच आणता येत नाही. पडद्यावर यान दरीत कोसळते आणि पाच सेकंद पडतच राहते. पाच सेकंदांत मुक्तपणे पडणारी वस्तू १२० मीटरांहून अधिक अंतर कापते. डबा खाली जाऊ शकतो मीटरभर. तेवढे पडायला अर्धा सेकंदही लागत नाही. उरलेले साडेचार सेकंद डोळे ‘पडतोय, पडतोय’ म्हणून ओरडतात आणि कान म्हणतो, ‘मी तर खुर्चीत बसलोय.’

बसमधली मळमळ आणि डब्यातली मळमळ यांचे नाते येथे स्पष्ट होते. बसमध्ये पुस्तक वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांना पान स्थिर दिसते आणि कानाला वळणे जाणवतात. सिम्युलेटरमध्ये डोळ्यांना वळणे दिसतात आणि कानाला ती जाणवत नाहीत, किंवा अपुरी अथवा उशिरा जाणवतात. एक दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब आहे. म्हणून घाटात गाणी म्हणणारा मुलगा डब्यात पांढरा पडू शकतो आणि घाटात पिशवी धरून बसलेली मुलगी डब्यातून हसत बाहेर येऊ शकते.

एकच यंत्र, दोन चित्रपट

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये जानेवारी १९८७ मध्ये ‘स्टार टूर्स’ ही अंतराळ-सफर सुरू झाली. डबा होता इंग्लंडमधल्या रेडिफ्युजन या कंपनीचा. ही कंपनी वैमानिकांसाठी सिम्युलेटर बनवत असे. एका डब्यात ४० प्रवासी बसत. सफर लोकप्रिय झाली. १९८९ साली फ्लोरिडातल्या एपकॉट उद्यानात त्याच जातीच्या डब्यात दुसरी सफर आली, ‘बॉडी वॉर्स’. तीत प्रवासी सूक्ष्म होऊन माणसाच्या शरीरात शिरत आणि रक्तप्रवाहातून हृदय, फुप्फुसे, मेंदू असे फिरून येत. विज्ञानशिक्षकाला आवडावी अशीच कल्पना! पण मळमळ आणणारी सफर म्हणून ती जी बदनाम झाली, ती २००७ साली कायमची बंद होईपर्यंत. तिची थोरली बहीण ‘स्टार टूर्स’ मात्र टिकली आणि २०११ साली नव्या रूपात पुन्हा सुरू झाली.

डबा तोच, पाय तेच, मग फरक कशाने पडला? आमच्या मते उत्तर मुख्यतः चित्रपटात शोधावे लागेल. अंतराळात बहुतेक वेळ पार्श्वभूमी काळी, तारे दूर. डोळ्यांना धरून ठेवायला काहीतरी स्थिर मिळते. रक्तवाहिनीत चारही बाजूंनी भिंती, त्या अगदी जवळून सरकणाऱ्या, प्रवाह हेलकावणारा आणि क्षितिज नावाची गोष्टच नाही. दादरच्या लोकलचा भास येथे चारही खिडक्यांतून होतो. त्यात विषय रक्ताचा. काहींना तेवढेही पुरते. शिवाय हेलकाव्यांचा ताल महत्त्वाचा असतो. वर-खाली होणाऱ्या हालचालींवर १९७४ साली झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की सेकंदाला सुमारे ०.२ आवर्तने, म्हणजे पाच सेकंदांना एक हेलकावा, हा ताल पोटाला सर्वांत वाईट. जहाजाचे डुलणे याच टापूत येते. घोड्यावरून दौडताना बसणारे धक्के कितीतरी मोठे असतात, पण जलद असतात. त्यांनी सहसा मळमळत नाही. म्हणजे ‘किती हलले’ यापेक्षा ‘कसे हलले’ आणि ‘काय पाहताना हलले’ हे प्रश्न जास्त कामाचे.

खोपोलीजवळच्या इमॅजिका या २०१३ साली उघडलेल्या उद्यानात ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावर बेतलेली सिम्युलेटर-सफर ठेवण्यात आली. मॉलमध्ये आणि जत्रेतही असे छोटे डबे येतात. डोक्याला लावायचे आभासी चष्मे तर घरात पोचले आहेत. तत्त्व सगळीकडे एकच. जत्रेतल्या स्वस्त यंत्रात चित्र आणि हिसका यांची वेळ जुळत नसेल, तर त्रास अधिक होतो.

अनुभवी माणसाची फजिती

सिम्युलेटरमधल्या मळमळीची पहिली पद्धतशीर नोंद १९५७ साली हॅव्हरन आणि बटलर यांनी केली. अमेरिकी नौदलासाठी केलेल्या हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरमध्ये त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. शिकाऊ वैमानिकांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांना जास्त त्रास होत होता. डोळे आणि कान यांचे भांडण तर दोघांच्याही डोक्यात सारखेच. मग?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९७०च्या दशकात याचा अर्थ लावला. मेंदू केवळ डोळ्यांची आणि कानांची बातमी ताडून पाहत नाही. पूर्वीच्या अनुभवावरून ‘आता काय जाणवायला हवे’ याचा अंदाजही तो आधीच बांधून ठेवतो आणि आलेली बातमी त्या अंदाजाशी ताडतो. प्रशिक्षकाच्या मेंदूत खऱ्या हेलिकॉप्टरचा अंदाज पक्का बसलेला होता. सोंगातली प्रत्येक उणीव त्याला खटकली. नवशिक्याकडे अंदाजच नव्हता. बसचा चालक कधी आजारी पडत नाही, तेही यामुळेच. वळण कधी येणार हे त्याच्या हातांना आधी ठाऊक असते.

या उपपत्तीला प्रतिस्पर्धी आहेत. रिचिओ आणि स्टॉफ्रेगन यांनी १९९१ साली असे मांडले, की मूळ कारण शरीराचा तोल धरून ठेवण्यातली अस्थिरता हे आहे. ज्यांना पुढे मळमळ होते त्यांचे शरीर आधीपासूनच अधिक डुलते, असे नंतरच्या काही प्रयोगांत दिसलेही. वाद अजून मिटलेला नाही.

पण डोळे-कानांच्या भांडणात पोटाने का पडावे? मिशेल ट्रीझमन यांनी १९७७ साली एक तर्क मांडला. निसर्गात डोळे आणि कान यांची संगती बिघडण्याचे एक कारण म्हणजे विषारी काहीतरी खाण्यात येणे. असा बिघाड दिसला की पोट रिकामे करणे, हा जीव वाचवणारा उपाय. मेंदू बस किंवा सिम्युलेटर ओळखत नाही. तो समजतो, काहीतरी विषारी पोटात गेले. अंतर्कर्ण काढलेल्या कुत्र्यांना काही विषांनी उलटी कमी होते, असे १९८३ साली आढळले. हा पुरावा तर्काच्या बाजूचा. तरीही आम्हाला एक शंका राहते: विष झालेच असेल, तर उलटी व्हायला दहा-पंधरा मिनिटे वाट का पाहावी? वर्गात वादासाठी ठेवावा असा हा प्रश्न आहे.

सहल नेताना

बसमधला उपाय सगळ्यांना माहीत आहे: पुढे बसा, खिडकीतून दूर पाहा. डोळ्यांना खरी हालचाल दिसू लागली, की कानाशी त्यांचे पटते. सिम्युलेटरमध्ये हाच उपाय उलटतो. येथे डोळे खोटे बोलत असतात, म्हणून नजर पडद्यावरून काढायची. पडद्याची चौकट, पुढच्या माणसाचे डोके, आपले गुडघे यांकडे पाहावे. त्यानेही भागले नाही तर डोळे मिटावेत. मग उरतात ते डब्याचे थोडेसे हिसके. ते बैलगाडीपेक्षा काही जास्त नसतात. डोके खुर्चीला टेकवून स्थिर ठेवावे. जागा निवडता आली, तर मधली आणि मागची घ्यावी. डब्याच्या टोकाला हिसका मोठा बसतो आणि पडद्याजवळ चित्र नजरेच्या कडेपर्यंत पसरते.

डोळे मिटण्याच्या उपायाला एक अपवाद आहे. एपकॉटमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ‘मिशन: स्पेस’ या सफरीत डबे एका मोठ्या चक्राला जोडून गरगर फिरवतात, कारण कलवून आणता येणार नाही इतके त्वरण भासवायचे असते. अशा फिरत्या डब्यात मान वळवली, की नलिकांतला द्रव विचित्र दिशेने ढकलला जातो आणि आपण कोलांटी खातोय असे वाटते. म्हणून तेथे डोळे उघडे ठेवून सरळ समोर पाहा, मान हलवू नका, अशी सूचना असते. डब्यात कागदी पिशव्याही ठेवल्या होत्या. २००६ साली त्या उद्यानाने न फिरणारी सौम्य आवृत्तीही सुरू केली. म्हणून रांगेत लावलेली पाटी मुलांना मोठ्याने वाचायला लावावी. हृदयविकार, मान-पाठीची दुखणी, अपस्मार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आणि गरोदरपण असलेल्यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. बरोबरच्या शिक्षिकांनाही ती लागू आहे.

पोट तट्ट भरलेले नसावे आणि अगदी रिकामेही नसावे. वडापाव आणि उसाचा रस घेऊन थेट रांगेत उभे राहणे टाळलेले बरे. आधी सफर, मग जेवण हा क्रम सोपा. संथ, मोजून घेतलेल्या श्वासांनी मळमळ उशिरा येते, हे प्रयोगांत दिसले आहे. शिवाय त्याला खर्च नाही. आल्याबद्दलचे पुरावे संमिश्र आहेत. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांबद्दलचे त्याहून कच्चे. पण ‘याने मला बरे वाटते’ हा विश्वास मळमळीवर खरोखर काम करतो, तेव्हा कुणाच्या हातातली आलेपाकाची वडी काढून घेऊ नये. गोळ्यांचे तसे नाही. ॲव्होमिनसारखी गोळी प्रवासाआधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. तिने झोप येते, तोंड कोरडे पडते. डॉक्टरांनी आणि पालकांनी सांगितल्याशिवाय शिक्षकांनी ती मुलांना देऊ नये, मग पेटीत कितीही गोळ्या असोत.

मळमळ अचानक येत नाही. आधी जांभया येतात, तोंडाला पाणी सुटते, कपाळावर गार घाम येतो आणि बडबडे मूल गप्प होते. हे शेवटचे लक्षण शिक्षकांना सर्वांत आधी दिसते. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचितच होतो. तो सर्वाधिक होतो शाळेच्या वयात आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. अर्धशिशी असणाऱ्यांना तो जास्त होतो. सवयीनेही तो कमी होतो, पण त्यासाठी थोडी थोडी आणि दिवसांच्या अंतराने पुनरावृत्ती लागते. त्रास झालेल्या मुलाला ‘भीती मोडायला’ लगेच दुसऱ्यांदा बसवणे, याला सवय लावणे म्हणत नाहीत. ज्याला बसायचे नाही त्याला कारण न विचारता बाहेर थांबू द्यावे आणि त्याच्याबरोबर एक मित्रही थांबवावा.

डब्यातून बाहेर आल्यावर बसून राहावे, मोकळी हवा घ्यावी, पाणी घोट घोट प्यावे. बहुतेकांना पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटते. काहींना मात्र तासन् तास जमीन डुलत असल्यासारखे होते. काही लष्करी दलांत सिम्युलेटरमध्ये सराव केलेल्या वैमानिकाला त्यानंतर काही तास खरे विमान चालवू देत नाहीत. शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावे. सफर शेवटची ठेवली आणि उद्यान बंद होताच बस थेट घाटाला लागली, तर कानाला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून सिम्युलेटर सकाळी उरकावा. आणि कुणी शिक्षक स्कूटरवरून आले असतील, त्यांनी अर्धा तास बाकावर बसून मगच किल्ली हातात घ्यावी.